तानूचं भात

कोल्हापूरला खेटून असलेल्या आमच्या उचगावात सुगी कळत नाही. दार उघडलं की समोर रिक्षा, दुधाच्या गाड्या, डबा घेऊन कामाला निघालेली माणसं. कार्तिक लागला हे भिंतीवरच्या कॅलेंडरनं सांगावं लागतं. पण यंदा एका सकाळी भाताच्या पिंजरानं, म्हणजे पेंढ्यानं, भरलेली ट्रॉली आमच्या बोळाच्या तोंडाशी वळली, चार काड्या सांडल्या आणि वाऱ्यानं तो वास माझ्या उंबऱ्यात आणून टाकला. ओलसर, गोडसर, जरा धुरकट. मी झाडू हातात धरून तशीच उभी राहिले. सून आतून म्हणाली, आई, काय झालं? मी म्हणाले, काही नाही, कुणीतरी भात कापलंय.

वासाचं मला फार कौतुक नाही. म्हातारपणी पाय फिरायचे थांबतात, मग नाक फिरायला लागतं. पण त्याच आठवड्यात गावाकडनं संगीताचा फोन आला आणि सुगी घरात शिरली ती शिरलीच.

संगीता माझ्या पुतण्याची बायको. आमचं गाव राधानगरीच्या अंगाला, ओढ्याच्या काठी. शेत आता ती दोघंच बघतात. ओढ्याकडच्या खाचरात त्यांनी ऊस लावला होता. तिथलं पाणी हलत नाही, हे मी तेव्हाच सांगितलं होतं. ऊस पिवळा पडला आणि मुळातनं कुजला. आता तो मोडून येत्या पावसाळ्यात पुन्हा भात करायचं त्यांनी ठरवलंय. "काकी, तानूच्या भाताचं बी तुमच्याकडं डब्यात हाय म्हनं. उगवतंय का बघा की. न्हाय उगवलं तर दुकानातली पिशवी आणायची." फोन ठेवता ठेवता तिनं विचारलं, "पर काकी, ही तानू कोण वो?"

मी म्हणाले, होती एक.

डबा आहे. ऊस लावायच्या आधीच्या सुगीला मी हट्टानं बी काढून आणलं, राख मिसळून डब्यात भरलं आणि माझ्या कॉटखाली सरकवलं. तेव्हापासून दोन पावसाळे गेले. भाताचं बी एक पावसाळा नीट काढतं, दुसरा कसाबसा. पुढं ते बी राहत नाही, नुसते दाणे राहतात. एके काळी आमच्या गावात घरटी हे भात होतं. मग एकेकानं सोडलं. कुणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. हे भात वासाचं, पण उंच वाढतं, निसवून लोंबीला उशिरा येतं आणि उतारा कमी देतं. घर मोठं असलं की वासानं पोट भरत नाही. पण सोडता सोडता सगळ्यांनीच सोडलं आणि उरलं ते माझ्या कॉटखाली. ते मेलं तर संपलं. फोन ठेवून मी मूठभर दाणे धुतले, ओल्या फडक्यात बांधले आणि पुरचुंडी फ्रिजच्या मागं, जिथं ऊब असते तिथं ठेवली. दोन-तीन दिवस थांबायचं होतं. थांबण्याइतकं रिकामं काम दुसरं नाही. मी नावं आठवत बसले.

आमच्या गावात बिननावाचं काही नव्हतं. पण ज्यानं केलं त्याचं नाव, असा हिशेबही नव्हता. सुभानाची विहीर म्हणायचे. सुभानानं ती खणली नव्हती, तिच्यात त्याचा बैल पडला होता. रामा गाडीवानाचं वळण म्हणायचे, कारण तिथं त्याची गाडी उलटली. त्याच वळणावरनं तो जन्मभर हजारदा सरळ गेला असेल, त्याचं कुणी नाव ठेवलं नाही. देवळाची पायरी एका पैसेवाल्यानं बांधली आणि तिच्यावर आपलं नाव कोरून घेतलं. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला ते वाचता यायचं. बाकी गाव तिला बाळ्याची पायरी म्हणायचं, कारण बाळ्या दारू पिऊन तिथं झोपायचा. दगडावर कोरलेलं नाव दगडावर राहतं. तोंडात बसलेलं नाव कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

आणि नाव बाहेरचे ठेवतात, घरातले नव्हे. आता आमच्या पायताणाचंच बघा. जगभर त्याला कोल्हापुरी म्हणतात. कोल्हापुरात त्याला कोल्हापुरी कोण म्हणतो? आम्ही पायताण म्हणतो. ज्यानं ते कातडं कमावलं, कापलं, वेणी घातली, त्याचं नाव ना बाहेर ना घरात.

मलाही सासरी आल्यावर माझं नाव राहिलं नाही. माझं माहेर शिरोळकडचं, म्हणून मी शिरोळकरीण. पुढं माझ्या वडिलांनी एक म्हैस पाठवली, तीही शिरोळकरीण. सासू परड्यातनं ओरडायची, शिरोळकरणीला पाणी दावलं का? आम्ही दोघी मान वर करायचो. मला त्याचा राग आला नाही. म्हैस दूध चांगलं द्यायची, आणि तिच्यावर कुणी उगाच ओरडत नव्हतं.

तानू माझी नणंद. आमच्या मालकांची थोरली बहीण. तिचं नाव तिच्या आजीवरनं ठेवलेलं. ती आजी गेली त्याच वर्षी ही जन्मली. आमच्यात नाव असंच ठेवतात. गेलेल्या माणसाचं नाव रिकामं पडू द्यायचं नाही, पुढच्या पोराच्या अंगावर चढवायचं. आणि सुनेनं थोरल्यांचं नाव घ्यायचं नाही. सासू, सासरा, थोरला दीर, थोरली नणंद, नवरा, कुणाचंच नाही. मी तिला वन्सं म्हणायचे. एका चुलीवर रांधलं, एका खाचरात वाकून रोप लावलं, भांडून भांडून दोघींचे आवाज बसले, पण माझ्या तोंडून तिचं नाव कधी निघालं नाही. इथं कागदावर लिहिते आहे. लिहायला आमच्यात बंदी नव्हती, कारण माझ्याशिवाय बायकांपैकी कुणाला लिहिताच येत नव्हतं.

वन्संना सासरहून परत पाठवलं होतं. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि हिला बोचक्यासकट बैलगाडीत घालून माहेरच्या वेशीवर उतरवली. मी लग्न होऊन आले तेव्हा ती गोष्ट जुनी झाली होती. उंच, हाडकुळी बाई. हसायची ती दुसऱ्याला. मी उसाच्या मुलखातली, मला भाताचं काही कळत नव्हतं. पहिल्या लावणीला मी चिखलात बसकण मारली तेव्हा तिनं हात दिला नाही. वर आख्ख्या रांगेला ऐकू जाईल असं म्हणाली, "बसा, बसा. शिरोळच्या पाटलीणबाई आल्यात, पाट आणा की गं कुणीतरी."

तिचं एक वेड होतं. कापणी लागायच्या आदल्या दिवशी ती एकटी भातात शिरायची. इळा नसायचा, नुसती बोटं. बांधाजवळच्या लोंब्यांना हात लावायची नाही, कारण बांधाजवळ खत साचतं, तिथं गाढवही धष्टपुष्ट होतं. मधल्या भातात जायची. वाऱ्यापावसात जे उभं राहिलं तेवढंच बघायची. काडी ताठ आणि लोंबी वाकलेली असली पाहिजे. दाणा सडसडीत, टोकाला काळा ठिपका, आणि लोंबीचा अगदी शेवटचा दाणाही भरलेला. अशी एकेक लोंबी खुडून पदराच्या ओट्यात टाकायची. त्या लोंब्या पिंजरात गुंडाळून चुलीवरच्या आढ्याला धुरात टांगायच्या, त्याला घरात कुणी हात लावायचा नाही. मी तिच्यामागनं गेले आणि चार लोंब्या खुडून दाखवल्या की म्हणायची, "डोळं हायत का कवड्या? हे बी न्हवं, हे खायाचं."

असं तिनं किती वर्षं केलं ते मला ठाऊक नाही. मी आले तेव्हा ते भात वेगळं झालेलंच होतं. एका सुगीला परतीचा पाऊस आडवातिडवा लागला. सगळ्या शिवारातलं भात लोळलं, पाण्यात पडलं, लोंबीतल्या लोंबीत उगवून आलं. आमचं ओढ्याकडचं खाचर तेवढं उभं होतं. लोक बांधावर येऊन बघून गेले. मग त्याचं नाव पडलं, तानूचं भात. आमच्या घरात ते नाव कुणी ठेवलं नाही. वन्सं स्वतः त्याला आपलं भात म्हणायची. बाहेरनं नाव आलं तसा तिचा जीव खवळला. नाव मेलेल्याचं ठेवतात, मी जिवंत आहे अजून, असं तिनं ज्याला त्याला ऐकवलं. नाव काही मागं गेलं नाही. लोक पायलीला पायली भात घेऊन यायचे आणि बदल्यात बी न्यायचे. मालक गमतीनं म्हणायचे, आक्का, तुझी पोरं गावभर झाली. ती म्हणायची, पोरं असती तर असली चिखलात उभी केली नसती.

मला जी सुगी आठवते ती त्याच्या पुढची. ऊन कोवळं होतं, खळं शेणानं सारवून टणक झालेलं. सकाळभर आम्ही पेंड्या झोडपल्या होत्या. अंगाला कुसळ, केसांत कोंडा, घामावर चिकटलेलं पिंजर. दुपारी वारं सुटलं तशी वन्सं तिवढ्यावर, तीन पायांच्या उंच घडवंचीवर, चढली आणि सूप डोक्याच्या वर धरून भात वारवायला लागली. दाणे सरळ खाली पडत होते, फोल बाजूला उडत होतं. त्या आवाजासारखा आवाज मी दुसरा ऐकला नाही. पाऊसही तसा पडत नाही, पावसाला घाई असते.

पाणंदीकडनं एक माणूस आला. डोक्याला पटका, हातात रिकामी पिशवी. मालकांनी बघितलं आणि त्यांचा हात काठीकडं गेला. सासू उठली, आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. मी नवी होते, मला कळेना. वन्संनी सूप खाली केलं नाही. भात संपेपर्यंत वारवलं, उतरली, पदरानं तोंड पुसलं आणि पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.

"या पावणं. कुठलं गाव?"

तेव्हा मालकांच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हा तिचा नवरा.

त्यानं गाव सांगितलं. खाली बघून सांगितलं. मग आडवळणानं बोलत राहिला. त्यांच्याकडंही भात पाण्यात गेलं होतं. इकडं एक भात वाऱ्याला पडत नाही असं ऐकलं होतं. थोडं बी मिळालं तर तो बदल्यात भात आणून घालेल. वन्सं ऐकत होती, सुपाच्या कडेला अडकलेलं कुसळ काढत होती.

"कुणाचं भात पायजे म्हनला?"

त्यानं पिशवी एका हातातनं दुसऱ्या हातात घेतली.

"हितं चार जातीचं भात हाय पावणं. नाव सांगितल्याबिगर कसलं देऊ?"

आमच्यात बाईनं नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. पुरुषही बायकोचं नाव घेत नाही, हे कुणी बोलून दाखवत नाही इतकंच. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं की झालं. पुढं अगं, ऐकलं का, पोराची आई. तो माणूस खळ्याच्या कडेला उभा होता, शेजारच्या खळ्यावरची माणसंही हात थांबवून बघत होती, आणि मला वाटलं हा आता रिकामी पिशवी घेऊन माघारी जाणार. गेला असता तर मालकांना बरं वाटलं असतं. पण त्याच्या घरी खाणारी तोंडं होती.

"तानूचं," तो म्हणाला.

वन्संनी पायली घेतली. तिनं काटेकोर मापलं असतं तरी कुणी बोललं नसतं. तिनं माप शिगेला भरलं, वरनं ओंजळ घातली आणि पिशवीत ओतलं. म्हणाली, "गावात कुणी इचारलं तर हेच नाव सांगायचं. दुसरं नाव ठेवलं तर ते उगवायचं न्हाय."

असली काही समजूत आमच्यात नव्हती. तिनं ती त्या घटकेला, त्या खळ्यावर बनवली. बी ओलीनं उगवतं, नावानं नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तो गेल्यावर मालक तिच्यावर भडकले, ज्यानं तुला गाडीत घालून सोडली त्याला शीग भरून देतेस? ती पुन्हा तिवढ्यावर चढली आणि माझ्यावर ओरडली, पाटी भर, वारं पडंल आता.

पुढच्या वर्षी कासारीण आली. ती गावोगाव फिरायची, बांगड्यांबरोबर बातम्या विकायची. वन्संच्या हातात बांगडी चढवता चढवता म्हणाली, त्या गावात तानूचं भात उभं राहिलंय, घरोघरी मागून नेतात. सवतसुद्धा, तण भांगलताना कुठं आहेस म्हणून विचारलं तर सांगते, तानूच्या भातात आहे. कासारणीला वाटलं असावं की बाई हसेल नाहीतर रडेल. वन्सं म्हणाली, "ही घट्ट बसती. दुसरी काढ."

तेव्हा मी नुसती हसले होते. आता या वयात वाटतं, वन्संना दुसरं काय मागता आलं असतं? घर परत मागितलं असतं तर कुणी दिलं नसतं. बाईच्या नावामागं सदा कुणाचं तरी नाव लावतात. आधी बापाचं, मग नवऱ्याचं. माझं तर नावच नव्हतं, गावाचं नाव होतं. वन्संच्या नावामागं काय लावायचं? नवऱ्यानं सोडलेली, म्हणून त्याचं लावायला जीभ वळत नव्हती, आणि दिलेल्या लेकीला बापाचं लावत नाहीत. भाताला तेवढं नुसतं तानूचं म्हणायचे. आमच्या सगळ्या शिवारात एकट्या उभ्या बाईचं नाव असलेली तेवढी एकच वस्तू होती.

तिच्या शेवटच्या सुगीला तिला उठवत नव्हतं. ती सोप्यात भिंतीला टेकून बसली आणि मला भातात पाठवलं. मी ओटा भरून आणायचे, ती एकेक लोंबी हातात घेऊन बघायची आणि अंगणात भिरकावायची. कोंबड्यांची चंगळ झाली. मी चिडून म्हणाले, मग वन्सं, तुम्हीच जा. ती म्हणाली, मला जाता आलं असतं तर तुला कोण पाठवतंय. तिसऱ्या का चौथ्या खेपेला मी आणलेलं सगळं तिनं मांडीवर घेतलं, चाळलं आणि एकही लोंबी टाकली नाही. "हं," म्हणाली. तेवढंच. पुढच्या श्रावणात ती तापानं गेली. जाताना भाताचं काही बोलली नाही. म्हशीला कोंडा वेळेवर घाल म्हणाली. पितृपक्षात मालक तिच्या नावानं पान ठेवायचे. मी ठेवलं नाही. जन्मभर जिनं भातावरचे कावळे हाकलले, तिला कावळ्याकडनं जेवू घालायचं मला काही पटलं नाही. मी आपली दर सुगीला, इळा लागायच्या आदल्या दिवशी, मधल्या भातात जायचे. गुडघे चालले तोवर गेले. मालक गेले, मुलाची नोकरी इकडं लागली, मी उचगावात आले.

फडकं सोडलं. सोडताक्षणी कळलं, कारण आंबूस वास आला. दाणे फुगले होते, काही चिकट झाले होते, एकालाही मोड नव्हता. पुन्हा एक मूठ काढली, पाणी कोमट घेतलं, पुन्हा थांबले. पुन्हा तेच. सून म्हणाली, आई, अजून एक दिवस ठेवून बघू. मी म्हणाले, मेलेलं मेलं. एक दिवसानं काय जिवंत होतंय.

संगीताला फोन केला. पिशवी आण म्हणून सांगायचं होतं, पण तोंडात दुसरंच आलं. तिचं माहेर वन्संच्या सासरच्या गावाला लागूनच आहे, हे मला एकदम आठवलं. मी तिला ते घर सांगितलं. तिथं अजून कुणाकडं घरी खाण्यापुरतं का होईना ते भात असलं तर विचार म्हणाले. आणि मग तिला सगळं सांगावं लागलं, वेस, गाडी, खळं, पायली. थोडक्यात सांगितलं, फोनवर मला जास्त बोलवत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आणि त्याच घरात जाऊन मागायचं व्हय बी?"

मी म्हणाले, "त्यानं आपल्या खळ्यावर मागितलं की."

परवा संगीता इथं आली. एस.टी.नं आली, कडेला पिशवी, आत कापडाची पुरचुंडी. चहा घ्यायच्या आधी तिनं ती माझ्या पुढ्यात ठेवली. तो माणूस कधीच गेला. सवत आहे अजून. डोळ्यांनी दिसत नाही, ओसरीला बसून असते. तिच्या घरात आता सगळा ऊस आहे, पण ओढ्याच्या कडेची एक पट्टी म्हातारीच्या हट्टानं भाताला ठेवली आहे. संगीतानं कुठल्या घरची ते सांगितलं, तशी म्हातारी सावरून बसली. मग सुनेला हाक मारून बी काढायला लावलं, माप स्वतः हातानं चाचपलं आणि शीग भरली नव्हती म्हणून सुनेला पुन्हा आत पाठवलं.

"आणि काय म्हणाली?" मी विचारलं.

संगीतानं तिचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "ते नाव मी काय आवडीनं घेतलं न्हाय बाई. पर नाव बदललं तर उगवायचं न्हाय, म्हनून तिनं सांगिटल्यालं. पोटाचा सवाल हुता. जन्मभर घेतलं." आणि निघताना पुन्हा म्हणाली होती, पेरताना नाव घ्या म्हणावं त्यास्नी.

सून आत गेली. मला वाटतं तिला डोळे पुसायचे होते. मी पुरचुंडी सोडली.

ते तानूचं भात नव्हतं. म्हणजे होतंही आणि नव्हतंही. इतकी वर्षं त्या घरात कुणी लोंबी निवडली नव्हती. आलं तसं झोडपलं, उरलं तसं पेरलं. बांधापलीकडचं भात त्यात शिरलं होतं. जाडे दाणे, लांब कुसळाचे दाणे, आणि मधेमधे कुठंतरी एखादा सडसडीत, टोकाला काळा ठिपका असलेला. तसला एक नखानं सोलून मी दाढेखाली धरला. वास होता. जरासा, पण होता.

माझ्या डब्यात खरा दाणा होता, मेलेला. तिच्या पुरचुंडीत जिवंत होतं, भेसळ झालेलं. नाव मात्र तिकडं नीट राहिलं होतं, जिथनं तिला हाकललं होतं तिथं. आणि इथं, जिथं ती राबली आणि मेली, तिथं घरच्या सुनेला विचारावं लागलं की ही तानू कोण.

मी सूप मागितलं. डबा कॉटखालनं काढला, मेलेले दाणे सुपाच्या एका कडेला ओळीनं ठेवले, नमुना म्हणून. बाकीच्या सुपात संगीतानं आणलेलं ओतलं. तिला म्हणाले, या दाण्यासारखे असतील तेवढेच इकडं ओढ. दोन मुठी निघाल्या तरी खाचराच्या मधोमध एक वाफा होईल. यंदा तो वाफा. पुढच्या सुगीला मला न्यायला ये, लोंब्या मी निवडते. मी नसले तर तू निवड. मधल्या भातातल्या घे, बांधाजवळच्या नको.

ती बसली, निवडायला लागली. पहिलाच दाणा जाडा उचलला. मी म्हणाले, "डोळं हायत का कवड्या?" ती दचकून माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याशी असं कधी बोलले नव्हते.

मग ती हसली आणि म्हणाली, "काकी, पर पेरताना नाव घ्यायचं ते तुम्हीच घ्या. आम्ही कुणी त्यास्नी बघितलं न्हाय."

मी म्हणाले, पेरा व्हायला अजून सहा महिने आहेत, मी तिथं असेन का नाही कुणाला ठाऊक. ती म्हणाली, मग आता घ्या, बी पुढ्यातच आहे. पोरगी हट्टी आहे, शेतात राबणारी पोरगी हट्टीच लागते. मी सुपाकडं बघून म्हणाले, वन्सं.

"तसं न्हवं. नाव."

दुपारचं ऊन दारातनं सुपावर आलं होतं. बोळात कुणीतरी मोटरसायकल चालू करत होतं, ती चालू होत नव्हती. ज्यांच्यापुढं नाव घ्यायचं नाही अशी माणसं आता कुणी उरली नाहीत, माझ्या लक्षात आलं. सगळ्यांत थोरली मीच आहे.

"तानू," मी म्हणाले. नुसतं तानू. मागं पुढं कुणाचं काही लावलं नाही.

मग चष्मा पुसला आणि सूप जवळ ओढलं. जाडे दाणे बरेच होते.